बसेल त्याची अँटेना

दिल्लीच्या वायरलेस खात्याने मला हौशी रेडिओ केंद्र चालवायचा परवाना दिला, कॉलसाइन दिलं आणि कुठल्या बँडवर किती वॅटने बोलायचं ते बजावलं. सोसायटीने बऱ्याच मीटिंगा आणि त्याहून बऱ्याच चहानंतर गच्चीवर पाइप उभा करायला 'तात्पुरती' परवानगी दिली. कावळ्याने मात्र कुणालाच काही विचारलं नाही. शेवटचा यू-बोल्ट आवळून मी पाण्याच्या टाकीवरून खाली उतरेपर्यंत हा वर बसून चोच पुसत होता. कूळकायद्यात 'कसेल त्याची जमीन' होतं. अँटेनाच्या बाबतीत 'बसेल त्याची' हा कायदा विधिमंडळात न जाता लागू झालेला आहे. सातबाऱ्यावर नाव माझं, ताबा कावळ्याचा आणि वहिवाट कबुतरांची.

हॅम रेडिओ म्हणजे काय, हे आमच्या घरात अजून कुणाला पटलेलं नाही. स्वतःच्या पैशाने यंत्र घ्यायचं, रात्री बारा वाजता 'सीक्यू, सीक्यू' असा धावा करायचा आणि रशियातला कुणी भेटलाच तर त्याला विचारायचं काय, तर माझा आवाज येतोय का? तो म्हणणार, येतोय. मग दोघांनी 'सेव्हन्टी थ्री' म्हणून निरोप घ्यायचा. "एवढं तर फोनवर फुकट होतं," हा बायकोचा मुद्दा. 2001 साली भूजला भूकंप झाला तेव्हा फोन मुके झाले होते आणि हॅम मंडळी निरोप पोचवत होती, हा माझा मुद्दा. दोन्ही मुद्दे इतक्या वेळा मांडून झालेत की आता आम्ही ते नुसत्या नजरेनेच मांडतो.

तर माझ्या दोन अँटेना. एक डायपोल, म्हणजे वीस मीटर बँडसाठी ताणलेली दहाएक मीटर लांबीची साधी तार. तिच्यावर बुलबुल येतात, साळुंक्या येतात आणि थंडीत वेडे राघू येतात. वेडा राघू हे नाव ज्याने ठेवलं त्याने त्याला कामावर पाहिलेलं नसावं. तो तारेवरून सूर मारतो, हवेतच माशी टिपतो, पुन्हा नेमका त्याच जागी येतो, माशी तारेवर दोनदा आपटतो आणि गिळतो. मी त्याच तारेवरून शंभर वॅटने जगाला हाका मारत असतो, उत्तर मिळत नाही. त्याचा एकही कॉल फुकट जात नाही.

"पाखरांना शॉक नाही का बसत हो?" असं गच्चीवर वाळवण घालायला येणारं प्रत्येक माणूस विचारतं. नाही बसत. दोन्ही पाय एकाच तारेवर, दोन पायांमधल्या दाबात फरक जवळजवळ नाही, मग विजेने त्याच्या अंगातून जायचं कशाला? शिवाय माझ्या तारेला प्लॅस्टिकचं आवरण आहे. हे सगळं ऐकून माणूस मान डोलावतो आणि जाताना पापडांची चादर अँटेनापासून लांब सरकवतो.

दुसरी अँटेना यागी. तिच्यात नळ्या असतात चार-पाच, पण केबल जोडलेली असते एकाच नळीला. म्हणजे राबणारी एक. मागे असते ती रिफ्लेक्टर आणि पुढे ज्या नुसत्या दिशा दाखवत उभ्या असतात त्यांना डायरेक्टर म्हणतात. आमच्या सोसायटीच्या कमिटीची रचना हुबेहूब अशीच आहे. ही अँटेना 1926 साली जपानमध्ये हिदेत्सुगु यागी आणि शिन्तारो उदा यांनी काढली. त्यातली बरीचशी खटपट उदांची, पण जगभर नाव झालं यागींचं. कमिटीवर काम केलेल्या माणसाला याचं आश्चर्य वाटणार नाही.

1972 च्या 2 ऑक्टोबरला मुंबईत दूरदर्शन आलं तेव्हा घराघरांवर हीच यागी चढली. तिच्यावर कावळा बसायचा, खाली पडद्यावर मुंग्या यायच्या आणि 'हुश्श' करायला घरातल्या सगळ्यांत लहान मुलाला वर पिटाळलं जायचं. आमच्या घरात सगळ्यांत लहान मीच. त्यामुळे या विषयातला माझा अनुभव परवान्याच्या फार आधीचा आहे.

कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ, असं म्हणून आपण त्या पक्ष्याला संशयाचा फायदा देतो. यागीवर मात्र हा योगायोग नसतो. दोन मीटर बँडच्या यागीची एकेक नळी जेमतेम मीटरभराची, कावळा चोचीपासून शेपटीपर्यंत चाळीसेक सेंटिमीटरचा. तो टोकाशी बसला की एसडब्ल्यूआरचा काटा हलतो. पाठवलेल्या लहरींपैकी किती बाहेर गेल्या आणि किती तोंड फिरवून परत आल्या, याचा हिशेब हा काटा देतो. घरात बसून केवळ काट्यावरून 'आला वाटतं' हे मी ओळखू शकतो. या विद्येचा दुसरा काहीही उपयोग नाही.

तरी पाखरांवर आरोप करताना जपून राहावं. 1964 साली अमेरिकेत होल्मडेलला पेन्झियास आणि विल्सन या शास्त्रज्ञांच्या भल्यामोठ्या कर्ण्यासारख्या अँटेनात एक खरखर काही केल्या थांबेना. आत कबुतरांची जोडी मुक्कामाला होती. तिने आतून केलेल्या रंगकामाला पेन्झियासनी 'पांढरा डायइलेक्ट्रिक पदार्थ' असं भारदस्त नाव दिलं. कबुतरं पकडून दूरच्या गावी पाठवली, ती उडत परत आली. शेवटी बिचाऱ्यांना गोळी घातली, अँटेना घासूनपुसून लख्ख केली आणि खरखर होती तशीच! ती विश्वाच्या जन्मापासून उरलेली ऊब होती. 1978 मध्ये दोघांना नोबेल मिळालं. कबुतरांचा पिंजरा वॉशिंग्टनच्या संग्रहालयात गेला. निकाल कबुतरांच्या बाजूने लागला, पण शिक्षा भोगून झाल्यावर.

हे वाचूनही मी कावळ्याला हुसकवायचे सगळे उपाय केले. जुन्या सीड्या टांगल्या, त्यात तो भांग पाडल्यासारखा मान वळवून पाहू लागला. प्लॅस्टिकचं घुबड आणलं, त्याच्या डोक्यावर तो बसला, म्हणजे मीच त्याला एक जादा पाट दिला. मग पितृपक्ष आला.

दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी सासऱ्यांचं पान गच्चीच्या कठड्यावर ठेवलं. खीर, वडे, आमसुलाची चटणी, सगळं यथासांग. कावळा यागीवर. काकूंनी हात जोडले, नातवाच्या शिक्षणाची हमी दिली, धाकट्या नणंदेशी बोलायचंही कबूल केलं. कावळा ढिम्म. सेक्रेटरी माझ्याकडे पाहून म्हणाले, "तुमच्या त्या लहरींनी तो भांबावलाय. काढून टाका ते लचांड." मी तोंड उघडणार, तेवढ्यात काका हळूच म्हणाले, "अहो, बाबांना रेडिओचं केवढं वेड होतं. बुधवारी बिनाका गीतमाला लागली की ताट समोर आलं तरी उठायचे नाहीत."

गच्चीवर शांतता पसरली. काकू माझ्याकडे वळल्या. "भाऊजी, ती अँटेना काही हलवायची नाही. मी शब्द देते त्यांना." त्यांनी तसं मोठ्याने सांगितलं आणि कावळा उतरून वड्यावर बसला. वडा ताजा होता आणि कावळ्याला भूक लागली होती, हे माझं शास्त्रीय मत मी गिळून टाकलं.

'तात्पुरती' हा शब्द त्यानंतरच्या मीटिंगमध्ये इतिवृत्तातून वगळला गेला. आता मी कावळ्याला हुश्श म्हणायची सोय उरलेली नाही. तो सगळ्या सोसायटीचा सासरा आहे. घुबडही काकूंनीच काढायला लावलं.

आपल्याकडे बारा वर्षांवरच्या कुणालाही परीक्षा देऊन हॅमचा परवाना काढता येतो. जरूर काढा. फक्त गच्चीसाठी सोसायटीकडे अर्ज करायचा तो भाद्रपदाच्या वद्य पक्षात करा, आणि त्याआधी शेजारच्या कैलासवासी मंडळींना रेडिओची आवड होती का, याची चौकशी करून ठेवा.