कुडाला स्क्रू धरत नाही

वहिनी, ती शेवग्याची पानं राहू द्या, आधी इकडे कुंपणाशी या. कोपऱ्यावरच्या आजींचं कळलं का? नाही हो, पडल्या ते जुनं झालं. आता त्या घरात काय काय चाललंय ते सांगते.

पण पडल्या कशा, ते तरी ठाऊक आहे? सारवलेल्या पडवीत जन्म गेला, कधी पाय सरकला नाही. लेकाने कौतुकानं न्हाणीत चकचकीत लाद्या बसवल्या. साबणाचं पाणी सांडलं की नुसता आरसा! चौथ्या दिवशी आजी आडव्या. खुबा वाचला हे नशीब. लादी कसली हवी, हे त्यांना कुणी विचारलं होतं? रंग सुनेने निवडला.

मग लेकाने धरायला स्टीलचा दांडा आणला. मिस्त्री ड्रिल घेऊन आला आणि हसायलाच लागला. जुनं घर ते, भिंत म्हणजे कारवीचा कूड, वर मातीचा गिलावा. त्याला स्क्रू धरतो होय? आजींनी भार टाकला असता तर दांड्यासकट भिंत हातात! शेवटी त्याने सागाचा खांब दोन फूट पुरला, बुडख्याला डांबर फासलं आणि दांडा त्याला आवळला. उंची किती? आजींना उभं करून, हात जिथे पोचला तिथे.

दारात उतार करायचाही बेत होता. मिस्त्री म्हणाला, एक फूट उंचीला बारा फूट लांबी हवी, नाहीतर घसरगुंडी होईल. अंगण आठ फुटांचं, त्यात तुळस. ती हलवायला आजी तयार नाहीत. मग दोन पायऱ्यांच्या चार केल्या, बुटक्या आणि रुंद. काठी टेकून मध्येच उभं राहता येतं. फक्त शेवाळ! आपल्या जव्हारच्या पावसात पायरी हिरवी व्हायला किती वेळ लागतो? सून दर रविवारी ब्लीचिंग टाकून खराट्याने घासते. खोटं कशाला बोलू, मी पाहिलंय.

कमोडच्या खुर्चीवरून मात्र आजी दोन दिवस रुसल्या होत्या. आता दुसऱ्या कुणाला बसू देत नाहीत म्हणे! आणि वीज गेली तरी जळणारा चार्जिंगचा बल्ब न्हाणीच्या वाटेवर लावलाय. रात्री उठायला आता सुनेला हाक मारत नाहीत.

खुर्चीचे पैसे? मुख्यमंत्री वयोश्री योजना, 2024 ची. वय 65, घरचं उत्पन्न दोन लाखांच्या आत, आधार जोडलेलं खातं. तीन हजार एकदाच येतात, चष्मा, काठी, वॉकर असल्या वस्तूंसाठी. तुमच्या सासूबाई बसतील की त्यात. अर्ज अजून घेतात का, तेवढं विचारून या.

माझं काय? आमच्या न्हाणीची पायरी दहा इंच आहे. काल टेप लावून मोजली.