घरासकट वनवास

निसर्गाच्या सान्निध्यात जाण्यात आजवर एकच मोठी अडचण होती, ती निसर्गाची. डास, ऊन, काटे, अंधार, पाठीखाली टोचणारा खडा आणि रात्री ओरडून गेलेले जनावर नेमके कोणते, याचा सकाळपर्यंत न लागणारा पत्ता. एवढ्या कारणासाठी कितीतरी सुस्थितीतली कुटुंबे वर्षानुवर्षे घरातच बसून राहिली. गाडीच्या मागे जोडून न्यायच्या कॅरॅव्हॅनने हा अन्याय दूर केला आहे. महाराष्ट्र सरकारने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचे स्वतंत्र धोरण आणून त्याची दखलही घेतली. पलंग, सोफा, फ्रिज, शेगडी, न्हाणीघर आणि संडास सोबत असले की माणूस हिमालयात असो वा हिंगण्यात, त्याच्या दिनक्रमाला धक्का लागत नाही.

उदाहरणादाखल नागपूरहून झाशीजवळच्या बबीन्याला निघालेले एक कुटुंब घेऊ. मे महिन्याची सुट्टी आहे आणि राष्ट्रीय महामार्ग ४४ थेट नेऊन सोडतो. सिवनीच्या अलीकडे पेंचच्या जंगलात हा रस्ता खांबांवर उचलून धरला आहे, म्हणजे खालून वाघांना जाता येते. आणि वाहनांचा आवाज नि उजेड त्यांना सोसावा लागू नये म्हणून कडेने भिंती उभारल्या आहेत. वाघांना आपला त्रास होऊ नये याची काळजी सरकारने घेतली. आपल्याला जंगलाचा त्रास होऊ नये याची काळजी कॅरॅव्हॅन बनवणाऱ्याने घेतलेलीच असते. दोन्ही बाजूंचे समाधान होईल अशा योजना आपल्या देशात फार थोड्या.

मराठी माणसाची झाशीची वाट पूर्वी किती गैरसोयीची होती, हे विष्णुभट गोडशांना विचारावे. पेणजवळच्या वरसईहून १८५७ मध्ये बायजाबाई शिंद्यांच्या यज्ञातल्या दक्षिणेच्या आशेने ते काकांबरोबर पायी निघाले. वाटेत बंडाची धामधूम, लूट, उपासमार. त्यात १८५८ च्या वेढ्यात झाशीत सापडले आणि शहर जळताना पाहिले. परतताना गंगेच्या पाण्याची कावड खांद्यावर होती. त्यांचा ‘माझा प्रवास’ १९०७ मध्ये छापला गेला, तो या सगळ्या गैरव्यवस्थेमुळे. हाताशी कॅरॅव्हॅन असती तर वेढ्याच्या दिवसांत काचा वर करून स्वस्थ बसता आले असते, आणि मराठी साहित्यावरचा एका पुस्तकाचा भार तरी हलका झाला असता. आजचे प्रवासी या बाबतीत निर्धोक आहेत. त्यांच्या प्रवासातून पुस्तक निघण्याची भीती नाही.

बबीना झाशीच्या दक्षिणेला, पंचवीस-तीस किलोमीटरवर. लष्कराची मोठी छावणी, रेल्वे स्थानक, आणि थोडे आत गेले की बेतवा. कालिदासाच्या मेघाने जिचे पाणी प्यायचे ती वेत्रवती हीच. सुकवां-ढुकवांचा इंग्रजी अमदानीतला बंधारा इकडेच आहे. मे महिन्यात नदीपात्रातले गुलाबी-करडे कातळ उघडे पडतात, पारा पंचेचाळिसाच्या आसपास खेळतो, आणि सावली धरून बसलेल्या शेळ्यासुद्धा दुपारी ओरडत नाहीत. अशा ठिकाणी आपले कुटुंब पोचते.

आता कॅरॅव्हॅन मागे घ्यायची असते. ज्यांनी हे पाहिले नाही त्यांनी आयुष्यात एकदा पाहावे. स्टिअरिंग डावीकडे फिरवले की ट्रेलर उजवीकडे जातो, हे पुस्तकात वाचलेले असते. बाभळीसमोर ते आठवत नाही. बाबा चाकावर, काका मागे उभे राहून “येऊ द्या, येऊ द्या” म्हणतायत, आई दुसऱ्या बाजूने “अहो, नको, नको!” म्हणतेय, मुलगा चित्रीकरण करतोय. “बास!” हा शब्द आपल्या परंपरेप्रमाणे धडक बसल्यानंतर उच्चारला जातो. मग चाकांखाली दगड, कोपऱ्यांना जॅक, फरशीवर मोबाइल ठेवून पातळी बघणे. कारण घर कलते राहिले तर फ्रिज नीट चालत नाही आणि ताटातले वरण एका बाजूला धावते. तासाभराचा हा व्यायाम मोकळ्या हवेतच होतो. मोकळ्या हवेचा संपूर्ण सहलीतला वाटा एवढाच, पण तो सचोटीने दिला जातो.

त्यानंतर दोरी ओढून जनरेटर सुरू होतो, कारण वातानुकूलन लागते. जनरेटरच्या आवाजामुळे खिडक्या बंद कराव्या लागतात. खिडक्या बंद म्हणून वातानुकूलन अपरिहार्य. इतका स्वयंपूर्ण युक्तिवाद तर्कशास्त्राच्या पुस्तकातही मिळायचा नाही.

संध्याकाळी स्पीकर बाहेर येतो. याबद्दल नाक मुरडणाऱ्यांनी पवना धरणाच्या काठी शनिवारची रात्र काढावी. एका तंबूतले गाणे दुसऱ्या तंबूतल्या गाण्याशी झुंजत असते, आणि शहरात ज्या शेजाऱ्याशी आपण बोलत नाही त्याची आवडनिवड इथे पाठ होते. भंडारदऱ्याला तर मे-जूनमध्ये काजवे पाहायला लोक हेडलाइट लावून जातात. त्या उजेडात काजवे दिसले नाहीत, तर तो उजेडाचा दोष कसा? काजव्यांनीही थोडे मनावर घ्यायला हवे.

बबीन्यात या सुखात वाटेकरी फार नाहीत. छावणीतले जवान मोकळ्यावर राहतात खरे. रणगाड्याच्या शेजारी, धुळीत, जनरेटरशिवाय. पण त्यांना त्याचा पगार मिळतो, तेव्हा त्यात कौतुक काय? उलट अस्पर्श, निर्मनुष्य माळरान शोधत निघालेल्या पर्यटकाची थोडी निराशाच होते. इथला खरा मोकळा मुलूख गोळीबाराच्या सरावाचा आहे, त्यावर १९३८ चा कायदा आणि सरावाच्या वेळी लाल झेंडा. आमच्या मते हे धोरण पुन्हा तपासावे. स्पीकर लावलेल्या कुटुंबाला तोफेच्या आवाजाचा काहीही उपद्रव होण्यासारखा नाही.

उरला पाण्याचा प्रश्न, आणि या मुद्द्यावर कॅरॅव्हॅनची थोरवी पुरती उमगते. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची आगगाडी गेली, ती आपल्याला आठवते. पुढच्याच महिन्यात बुंदेलखंडातल्या महोब्यासाठी म्हणून झाशी स्थानकावर आलेल्या टाकीच्या वाघिणी तपासल्या, तर त्या रिकाम्या निघाल्या. तिथले राज्य सरकार म्हणाले, आम्हाला गरजच नव्हती. कॅरॅव्हॅनच्या बाबतीत असा गोंधळ होत नाही. तिची टाकी रिकामी झाली की बाबा गावातल्या हातपंपाशी जातात. तिथे बायका-पोरींची घागरी-डब्यांची रांग असते. बाबा अदबीने विचारतात, “बहनजी, बस एक टंकी?” पाहुणा म्हणून रांग बाजूला होते, कारण बुंदेलखंडात पाहुण्याला नाही म्हणायची पद्धत नाही. मुलगा दांडा मारतो, कॅन भरतात, आणि त्याला हेही कळते की पाणी जमिनीखालून येते. एवढे शिक्षण शाळेने दिले नव्हते. थोड्या वेळाने कॅरॅव्हॅनच्या शॉवरखाली सगळ्यांची आंघोळ होते आणि साबणाचे पाणी नळीने बेतवेत सोडले जाते. घेतलेले परत करण्याची ही वृत्ती वाखाणण्याजोगी आहे.

थर्माकोलच्या ताटांचेही तसेच. महाराष्ट्रात २०१८ पासून त्यांच्यावर बंदी, म्हणून ती बाहेरच्या राज्यात नेऊन वापरणे हा कायद्याचा आदरच झाला. २०२२ पासून देशभर एकदा वापरायच्या प्लॅस्टिकच्या ठरावीक वस्तूंवर बंदी आली, ही अलीकडची अडचण; पण नदीकाठच्या दगडाखाली सरकवून ठेवलेले ताट कोणत्याही पंचनाम्यात येत नाही.

एवढे फायदे पाहता मोकळ्यावर जाणे वर्षातून एकदाच का व्हावे, असा प्रश्न कोणीही सुजाण नागरिक विचारील. महिनाभरात चार वेळा जाता येईल, फक्त डिझेल आणि टोल परवडत नाही. पण नीट विचार केला तर त्या खर्चाची आवश्यकताच नाही. कॅरॅव्हॅनच्या आत बेतवा नाही, कातळ नाहीत, ऊनही नाही. मग ती बबीन्यात उभी असली काय आणि नागपुरात बिल्डिंगखाली उभी असली काय? नागपूरच्याच एका सोसायटीत हे एका सदस्याच्या ध्यानात आले आहे. ते दर शनिवारी रात्री सहकुटुंब खाली कॅरॅव्हॅनमध्ये मुक्कामाला जातात. वीज तिसऱ्या मजल्यावरून एक्स्टेंशन बोर्डाने, जेवण वरच्याच स्वयंपाकघरातून डब्यात. रविवारी सकाळी टॉवेल खांद्यावर टाकून लिफ्टने घरी परततात, चेहऱ्यावर वाऱ्यापावसाचा मागमूस नसतो. सोसायटीच्या कार्यकारिणीने त्यांच्याकडून दोन गाड्यांचे पार्किंग शुल्क मागितले असून त्यावर पुढच्या सर्वसाधारण सभेत चर्चा आहे.