हायड्रोजन आला, डीपी कधी येणार?

राज्य सरकारनं जुलै २०२३ मध्ये हरित हायड्रोजन धोरण मंजूर केलं, ८,५६२ कोटींचं. आता हायड्रोजनची चर्चा अकोल्याकडच्या आमच्या हिवरखेडच्या पानठेल्यापर्यंतही पोचली आहे. "टाकी भरली का पंप सुरू, बाप्पा! तार नाही, खांब नाही, बिल नाही."

बिल नाही? पाण्यातून किलोभर हायड्रोजन काढायला ५० युनिटच्या वरच वीज लागते. तो फ्युएल सेलमध्ये घातला की परत मिळतात १६ च्या आसपास. ५ हॉर्सपॉवरचा पंप जेमतेम चार तास चालेल. बाकीची वीज बहुतेक उष्णता होऊन जाते. अकोल्यात मे महिन्यात तिचीच काय ती टंचाई होती! सोलरच्या त्याच ५० युनिटांवर पंप थेट लावला, तर १३ तास ओलित होतं.

पाण्याची गोष्ट त्याहून गमतीची. किलोमागे किमान ९ लिटर पाणी लागतं, तेही क्षार पार काढलेलं. इथून पूर्णेकडं उतरलं की खारपाणपट्टा. तिथं माणसांनाच गोडं पाणी वान धरणातून नळानं आणावं लागतं. सेल चालला की तेवढंच पाणी परत निघतं म्हणा. पाणी घालायचं, पाणीच काढायचं आणि मधल्यामधे वीज गायब. सरकारी योजना म्हणून शोभेल!

सेलचा यात दोष नाही. त्याला धूर नाही, जनरेटरसारखी धडधड नाही. आणि टाकीतला हायड्रोजन ऊन नसलेले दिवस काढून नेतो. म्हणूनच एनटीपीसीनं लडाखात चुशूलला लष्करासाठी सौर-हायड्रोजनचा २०० किलोवॅटचा प्रकल्प हाती घेतला. तिथं डिझेल वर चढवणंच जिवावर येतं. आमच्याकडं त्याच्या जवळपास जाणारी जागा म्हणजे पावसाळ्यातला मेळघाट: सूर्य दडी मारून बसलेला, अन् दवाखान्यातला लशींचा फ्रिज मात्र थंडच राहायला हवा. वीज थोडी, पण खंड नको. असल्या कामाला सेल लावा; महाग पडला तरी चालेल.

हिवरखेडच्या वावराचं दुखणं वेगळं. इथं खांब आहेत, ताराही आहेत. नसते ती वीज. आली तर रात्री येते, आणि डीपी, म्हणजे ट्रान्सफॉर्मर, जळाली की तीही नाही. ग्रिडवर राहून ऑफ-ग्रिड जगण्याचा हा प्रयोग आम्ही धोरणाच्या कितीतरी आधीपासून करतो आहोत, तोही विनाअनुदान.

तरीही कुणाला इथं हायड्रोजन आणायचाच असेल, तर मोबाइल टॉवरवर बसवा. डीपी जळाल्याची तक्रार करायला फोन तरी लागेल.