माळ्यावरच्या वीजबिलांस अनावृत पत्र

प्रति,
समस्त वीजबिले (सन १९९६ पासून आजतागायत),
लोखंडी ट्रंक, माळा, राहते घर.

विषय : आपणांस रद्दीत का घालू नये, याची कारणे दाखविणेबाबत.

संदर्भ : दर दिवाळीच्या साफसफाईत सुरू होणारी व फराळाआधीच बारगळणारी तोंडी चर्चा.

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून कळविण्यात येते की, या घरात आपला जो मान आहे, तो जावयालाही नाही. पावसाळ्यात न गळणारी घरातली एकमेव जागा आपल्या ताब्यात आहे. कमरेला सुतळी, अंगावर प्लास्टिकचा कागद, उशाला डांबराच्या गोळ्या. दरवर्षी आपल्याला खाली उतरवतात, झटकतात, ‘असू दे, कधी लागेल सांगता येत नाही’ असं कुणीतरी म्हणतं आणि आपण पुन्हा गादीवर विराजमान होता.

आता कागदोपत्रीच बोलू. वीज कायदा २००३ च्या कलम ५६(२) नुसार, देय झालेली रक्कम दोन वर्षांनंतर वसूल करता येत नाही. ती बिलावर सतत थकबाकी म्हणून दाखवलेली असेल तर गोष्ट वेगळी. आपण तर भरलेली बिले. शिवाय आपल्यातल्या ज्येष्ठांच्या अंगावर महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळाचा शिक्का आहे, आणि त्या मंडळाच्याच २००५ साली वेगवेगळ्या कंपन्या झाल्या. ज्यांच्या भीतीने आपल्याला जपलं ते मंडळ गेलं, आपण मात्र ठणठणीत आहात. अभिनंदन.

पत्त्याचा पुरावा म्हणून आम्ही उपयोगी पडतो, असा खुलासा आपण कराल. जरूर पडता. पण खिडकीवर मागतात ते गेल्या दोन-तीन महिन्यांतलं बिल. अधिवासाच्या दाखल्यासाठी राज्यात पंधरा वर्षं राहिल्याचा पुरावा लागतो, हेही मान्य. त्याला वर्षाला एक याप्रमाणे आपले पंधरा प्रतिनिधी पुरेत. सर्वपक्षीय अधिवेशनाची गरज नाही.

आपल्यामुळे ज्यांना जागा मिळाली नाही, त्यांची अवस्था मात्र ऐकून घ्या. आजोबांच्या शाळेच्या दाखल्याची घडी फडताळात डब्याखाली सापडली. डबा डुगडुगत होता म्हणून. नातीच्या जात पडताळणीला नेमका तोच कागद लागतो. इतर मागासवर्गीयांना १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचे, विमुक्त जाती व भटक्या जमातींना २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचे, तर अनुसूचित जातींना १० ऑगस्ट १९५० पूर्वीचे पुरावे शोधावे लागतात. २०२३ साली कुणबी नोंदींसाठी अख्खा महाराष्ट्र जुनी दप्तरं उपसत होता आणि मोडी वाचता येणाऱ्यांना एकाएकी भाव आला होता. तेव्हाही आपण माळ्यावर निवांत होतात, कारण आपल्यावर जात लिहिलेली नसते; फक्त युनिट असतात.

दहावीचं प्रमाणपत्र मायेपोटी लॅमिनेट करून घेतलं. आता परदेशी जायला त्यावर शिक्का मारून घ्यायचा, तर प्लास्टिकवर शाई धरत नाही. फ्रीजची पावती वॉरंटीसाठी अगदी जपून ठेवली. थर्मल कागदावरची अक्षरं वॉरंटीच्या आधी संपली. तो कोरा कागद अजून फाईलला लावलेला आहे. स्वयंपाकघर नव्याने बांधलं त्या गवंड्याच्या आणि फरशीवाल्याच्या पावत्यांना मात्र ‘कचरा’ म्हणून निरोप मिळाला. घर विकताना भांडवली नफ्याच्या हिशेबात सुधारणेचा खर्च धरता येतो. तो धरायला पावत्या लागतात, हे सीएने सांगेपर्यंत रद्दीवाला गल्लीबाहेर गेलेला असतो.

याचं कारण सरळ आहे. आपल्याकडे कागद भीतीच्या क्रमाने ठेवतात. दर महिन्याला जो मागायला येतो त्याची भीती मोठी, म्हणून त्याची पावती ट्रंकेत. आयुष्यात एकदाच लागणाऱ्या कागदाची भीती त्या एका दिवसापर्यंत वाटतच नाही. आणि त्या दिवशी खिडकीमागचे साहेब चष्म्यावरून बघत ‘ओरिजनल?’ एवढंच विचारतात.

सबब, यापुढे प्रत्येक कागदाला एकच प्रश्न विचारण्यात येईल : तू हरवलास तर परत मिळशील का, आणि किती चपला झिजवून? आपलं उत्तर सर्वांना ठाऊक आहे. चालू बिल मोबाइलवर येतं. सबब खालीलप्रमाणे आदेश :

१. दोन वर्षांच्या आतील बिले व वरील पंधरा प्रतिनिधी वगळता सर्वांनी ट्रंक रिकामी करावी. जाताना नाव, पत्ता, ग्राहक क्रमांक फाडून घेतला जाईल.

२. रिकाम्या जागी खरेदीखत, सोसायटीचे शेअर सर्टिफिकेट, मृत्युपत्र, जन्म-मृत्यूचे दाखले, विमा पॉलिसी आणि आजोबा यांची स्थापना करावी. खरेदीखताने ‘इंडेक्स टू मिळतो की’ अशा भरवशावर राहू नये.

३. प्राप्तिकराच्या कागदांस सात वर्षांची मुदत. घराच्या डागडुजीच्या पावत्यांस घर विकेपर्यंत, व विकल्यावर त्या वर्षाच्या करापुढेही सात वर्षे.

४. आधार व पॅन यांच्या अर्धा किलो झेरॉक्सनी स्वेच्छानिवृत्ती घ्यावी. डिजिलॉकरमध्ये जारी झालेली प्रत २०१६ च्या नियमांनुसार मूळ कागदासमान आहे. साहेबांनी मानली नाही, तर कोपऱ्यावरचं झेरॉक्सचं दुकान उघडंच असतं.

खुलासा सात दिवसांत न आल्यास आपले काहीही म्हणणे नाही, असे समजण्यात येईल.

आपला,
ट्रंकेचा तात्पुरता ताबेदार

प्रत माहितीस्तव :
१. रद्दीवाला. काटा बरोबर आणावा.
२. वाळवी. आपला दौरा रद्द समजावा.
३. चिरंजीव व सूनबाई. दहा वर्षं कुणी हात न लावलेल्या खात्यातले पैसे रिझर्व्ह बँकेच्या निधीत जातात. वारसांना ते मागता येतात, पण खातं होतं हे माहीत असेल तर. तरी ट्रंकेची किल्ली कुठे असते, हे आज जेवताना विचारून घ्यावे.