कुठलं नांदेड, ते आधी सांगा

2025 च्या जानेवारीत पुण्यात जीबीएस या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण वाढले. सिंहगड रस्ता, किरकटवाडी, धायरी, नांदेड अशी नावं टीव्हीच्या खालच्या पट्टीत पळायला लागली. परभणीतल्या सत्तरीच्या माणसानं 'नांदेड' वाचलं की त्याच्या डोळ्यांपुढं पुण्याजवळचं गाव येत नाही. त्याचं नांदेड पूर्णेच्या पुढं आहे, रेल्वेनं तासा-सव्वा तासावर. तिथं लेक दिलेली असते, मोतीबिंदूही तिथंच काढलेला असतो. आमच्या शेजारच्या आजींनी ती पट्टी वाचली आणि लगेच लेकीला फोन लावला, "पाणी उकळून पी, लेकरं शाळेत धाडू नको." लेकीला काही कळेना. ती हसली, तर आजी रडायलाच लागल्या. रात्रभर डोळ्याला डोळा नाही. 'पुण्याजवळील' एवढं लिहायला पट्टीत जागा नव्हती?

ही गोष्ट मला किरकोळ वाटत नाही. साथीची बातमी म्हाताऱ्या माणसांबद्दल खूप बोलते, पण त्यांच्याशी बोलत नाही. 2020 च्या कोरोनापासून हेच चाललंय.

तेव्हाचं आठवा. 24 मार्चच्या रात्री टाळेबंदी जाहीर झाली. पासष्टीच्या पुढच्यांनी घराबाहेर पडू नये, ही सूचना योग्यच होती. पण पार, देऊळ, चहाचं हॉटेल, पेन्शनच्या दिवशीची बँकेतली रांग हे सगळं एका दिवसात गेलं आणि उरला टीव्ही. त्यातच 18 एप्रिलला राज्य सरकारनं घरोघरी पेपर टाकायलाच मनाई केली. उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानं स्वतःहून दखल घेतली, आदेश काही दिवसांतच सैल झाला. तरी संसर्गाच्या भीतीनं कित्येक घरांत पेपर पुढं महिनोन्‌महिने आलाच नाही. पेपर वाचून संपतो, घडी करून बाजूला ठेवता येतो. टीव्हीवरची बातमी संपत नाही. तीच रुग्णवाहिका, तीच चिता, तोच भोंगा, आणि कोपऱ्यात वाढत जाणारा लाल आकडा.

माझ्या ओळखीचे एक निवृत्त मास्तर तो आकडा रोज टिपून ठेवायचे. भिंतीवरच्या कॅलेंडरवर तारखेच्या चौकोनात आधी दुधाचा हिशेब असायचा, एप्रिलपासून तिथं राज्यातले मृत्यू आले. अक्षर तेच, वळणदार, बोरूनं घडवलेलं. आकड्यांबरोबर रोज एक ओळ यायची: मृतांपैकी इतके साठीच्या पुढचे, इतक्यांना मधुमेह, इतक्यांना उच्च रक्तदाब. मास्तर अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, साखर आणि बीपी दोन्ही. "या ओळीत मी बसतो," असं ते सुनेला सांगायचे आणि जेवण अर्धं टाकून उठायचे. ज्या ओळीनं तरुणांना हायसं वाटायचं, तिनंच मास्तरांचा घास अडायचा. सत्तरीच्या पुढचे किती जण बरे होऊन घरी गेले, हा आकडा मास्तरांना कुणी कधी दिला नाही. अशी माणसं होती, आणि बरीच होती.

म्हातारी माणसं घाबरटच असतात, असं म्हणून कुणी हात झटकू नये. अमेरिकेत स्टॅनफर्डच्या संशोधकांनी एप्रिल 2020 मध्ये पाहणी केली, तेव्हा वयस्कर माणसं तरुणांपेक्षा मनानं जास्त स्थिर आढळली. आपल्याकडं वेगळं काय असणार? 1972 च्या दुष्काळात रोजगाराच्या कामांवर खडी फोडलेली ही पिढी आहे. संकटात हातपाय हलवायची तिला सवय आहे. हात बांधून दिवसभर संकट बघत बसायची सवय तिला नाही, कुणालाच नसते. 2013 च्या बॉस्टनमधल्या बॉम्बस्फोटानंतर झालेल्या अभ्यासात दिसलं, की पुढचा आठवडाभर रोज सहा तास किंवा जास्त वेळ त्या बातम्यांत घालवणाऱ्यांना, प्रत्यक्ष त्या जागी असलेल्यांपेक्षाही जास्त मानसिक ताण आला होता. जागतिक आरोग्य संघटनेनं 18 मार्च 2020 लाच सांगितलं होतं, की बातम्या दिवसातून एकदा-दोनदाच बघा आणि खात्रीच्या ठिकाणच्याच बघा. हा सल्ला मास्तरांपर्यंत कुणी पोचवला? वाहिन्या कशाला पोचवतील!

आपल्या जिल्ह्याची बातमी मात्र भलत्याच वेळी मोठी होते. जानेवारी 2021 मध्ये परभणीजवळच्या मुरुंब्यात सुमारे 800 कोंबड्या मेल्या, बर्ड फ्लूचं निदान झालं आणि परभणीचं नाव देशभर गाजलं. लगेच पुण्या-मुंबईहून नातवांचे फोन सुरू झाले. नीट शिजवलेलं अंडं, चिकन खाल्लं तर धोका नाही, हे सरकारी यंत्रणा सांगत होती. पण ते सांगणं कोंबड्या पुरतानाच्या दृश्यांखाली पुरून गेलं. त्याच वर्षी 21 एप्रिलला नाशिकच्या रुग्णालयात प्राणवायूची गळती होऊन 22 रुग्ण गेले. पुढच्याच आठवड्यात परभणीच्या जिल्हा रुग्णालयात प्राणवायूच्या नळीवर झाडाची फांदी कोसळली. कर्मचाऱ्यांनी धावपळ करून सिलिंडर जोडले आणि रुग्ण वाचवले. आमच्या गल्लीतल्या म्हाताऱ्यांना नाशिकचं सगळं पाठ आहे. त्यांच्याच गावात वाचलेल्या माणसांची गोष्ट मी सांगितली, तेव्हा त्यातल्या दोघांनी ती पहिल्यांदाच ऐकली. याला बातमीदारी म्हणायचं असेल तर म्हणा, मी म्हणणार नाही.

आणि 2025 ची सुरुवात पुन्हा तशीच. एचएमपीव्ही हा विषाणू 2001 मध्येच ओळखला गेलेला. त्याला 'नवा व्हायरस' म्हणत भोंगे वाजवले.

पुढची साथ येईल तेव्हा संपादकांनी एवढं तरी करावं. गावाच्या नावाबरोबर तालुका आणि जिल्हा द्यावा. मृतांचं वय देता, तसं बऱ्या झालेल्यांचंही द्यावं. परभणीत 1968 पासून आकाशवाणीचं केंद्र आहे. बीपीची गोळी कुठं मिळेल, लस कधी आहे, आज कोणत्या तालुक्यात काय स्थिती आहे, हे जिल्ह्यातल्या डॉक्टरनं रोज दहा मिनिटं आपल्या बोलीत तिथून सांगावं. जिंतूरच्या म्हातारीला मुंबईचा आकडा काय करायचाय?

आता घरच्यांना. रिमोट लपवू नका. ज्या माणसानं तुम्हाला वाढवलं, त्याच्या हातातून वस्तू हिसकावून घेणं वाईट दिसतं आणि त्यानं भीतीही जात नाही. संध्याकाळी बातम्या लागतात तेव्हा अर्धा तास शेजारी बसा, काय खरं आणि काय लांबचं ते बोला, मग टीव्ही बंद करून जेवायला वाढा. तरीही झोप उडाली, जेवण तुटलं, तर ज्येष्ठांसाठीच्या एल्डरलाइनचा क्रमांक 14567 आहे, सकाळी आठ ते रात्री आठ. मानसिक आरोग्यासाठीच्या टेली-मानसचा 14416, तो दिवसरात्र चालू असतो. दोन्हींना पैसे पडत नाहीत. हे दोन्ही क्रमांक मोठ्या अक्षरांत लिहून आजच टीव्हीशेजारी चिकटवा.