आधी फ्लॅट, मग पट

पुण्याच्या वेशीवर बावीस मजली इमारत उठवायची, तर नकाशात पार्किंगचा हिशेब चोख द्यावा लागतो. एवढ्या फ्लॅटांना इतक्या चारचाकी, इतक्या दुचाकी. पोरं किती, हे कुणी विचारत नाही. गाडीला जागा लागतेच. पोराचं काय, ते बसतं दाटीवाटीनं.

बरं, पोर काही न सांगता येत नाही. पहिलीत यायच्या सहा वर्षं आधी ते जन्मनोंदणीच्या खिडकीवर रीतसर वर्दी देतं. बाहेरगावच्यांची खबर भोगवटा पत्रावरून लागू शकते. या खिडक्या आणि शिक्षण विभाग एकाच पालिकेचे, पण त्यांचं बोलणं होत नसावं. शेवटची जनगणना 2011 ची. तेव्हा पाळण्यात असलेल्यांना आता मिसरूड फुटू लागलंय.

2017 मध्ये 11 आणि 2021 मध्ये 23 गावं पुण्यात आली. सोबत झेडपीच्या शाळाही आल्या, गावाच्या मापाच्या. अशा शाळेत एका खोलीच्या मधोमध लोखंडी कपाट आडवं लावलेलं असतं. कपाटाच्या अलीकडे दुसरी, पलीकडे तिसरी. इकडून बे एके बे, तिकडून कविता. कपाटात वह्या असतात, म्हणून थोडा आवाज अडतो एवढंच.

विकास आराखड्यात 'प्राथमिक शाळा' असं आरक्षण असतंच. पण 1966 च्या नगररचना कायद्यात कलम 127 ही आहे. दहा वर्षांत जागा ताब्यात घेतली नाही, की मालक नोटीस देतो. त्यानंतर दोन वर्षांत पालिका हलली नाही, की आरक्षण गेलं. न हलण्यात आपला हात कोण धरेल?

शिक्षकांचं गणित आणखी झकास. पोरं जूनमध्ये येतात, पदं ठरतात 30 सप्टेंबरच्या पटावर, आणि पटावरही आधार जुळलेलीच पोरं मोजायची. वीटभट्टीवरून, बांधकामावरून आलेल्या पोराच्या आधारात नाव एक, दाखल्यावर दुसरं. ते वर्गात बसतं, खिचडी खातं, फळ्यावर गणित सोडवतं. पदं ठरवणाऱ्या संचमान्यतेत मात्र ते नसतंच.

निधी येत नाही असं मात्र म्हणू नये. मार्चअखेर तो धावत येतो. खोली बांधायला निविदा, मोजणी, ताबा, सगळंच लांबतं. शाळेच्या दारावरची कमान मात्र महिन्यात उभी राहते, आणि तिच्यावर नावंही पुष्कळ मावतात.

तिकडे डोंगराकडच्या गावांत वीसच्या आत पट असलेल्या शाळा 'समूह शाळे'त मिसळायची भाषा 2023 पासून चालू आहे. त्यातल्याच कुणा गावच्या खोल्या मोकळ्या, आणि तिथली पोरं इथल्या व्हरांड्यात. दोन्ही फायली एकाच खात्यात आहेत, बहुधा एकाच मजल्यावर. दोन्ही बघणाऱ्या साहेबांची परवाच बदली झाली म्हणतात.