न विचारण्याची कला : एका विकासकास अनावृत पत्र

माननीय विकासक महोदय,



बंद पडलेल्या रसायन कारखान्याची मोकळी जागा घेऊन आपण तिथे निवासी संकुल उभारताय, त्याबद्दल अभिनंदन. आपल्या चोखंदळपणाला तोड नाही. तीस वर्षांचा टायटल सर्च झाला, फेरफार वकिलाने डोळ्यांखालून घातले, बोजा नसल्याची खात्री झाली. बोअर मारून जमिनीची धारणक्षमताही मोजलीत. म्हणजे ही माती चाळीस मजले पेलेल, हे आपल्याला पक्कं ठाऊक आहे. त्याच बोअरमधली मूठभर माती शिसं, पारा, क्रोमियम किंवा सॉल्व्हंटच्या तपासणीला मात्र आपण धाडली नाहीत. तिच्यावर राहणाऱ्यांना ती मानवेल का, हा प्रश्न आपल्या शिष्टाचारात बसला नसावा.

आपण म्हणाल, गृहप्रकल्पांचं नियमन करणारं महारेरा कुठे मागतं? खरं आहे. महारेराकडे मालकी, बोजा, खटले, परवानग्या जाहीर कराव्या लागतात. मातीतल्या रसायनांचा रकाना तिथे नाही. केंद्राने २०२५मध्ये दूषित जागांसाठी नियम केले, पण त्यांची गाडी सुरू होते ती कुणीतरी एखादी जागा संशयित म्हणून नोंदवल्यावर. नियम आले तेव्हा देशभरात अशा १०३ जागा निश्चित झालेल्या होत्या आणि सफाईचं काम सुरू झालेल्या अवघ्या सात. आपला प्लॉट यादीत नाही, म्हणून माती शुद्ध, हे आपलं अनुमान मोठं सोयीचं आहे. घरात थर्मामीटरच ठेवला नाही की कुणाला ताप येत नाही, तसं.

अमेरिकेतल्या नायगारा फॉल्स शहरात मात्र असं दुर्लक्ष महागात पडलं. तिथल्या लव्ह कॅनॉल या अर्धवट खणलेल्या कालव्यात हूकर केमिकल कंपनीने सुमारे २१,००० टन रासायनिक कचरा पुरला आणि १९५३मध्ये ती जागा शिक्षण मंडळाला एका डॉलरला दिली. खरेदीखतात कचऱ्याचा उल्लेख होता, आणि पुढे कुणाला इजा झाल्यास कंपनी जबाबदार नाही, अशी तजवीजही. तरी तिथे शाळा झाली, भोवती घरं झाली. १९७८मध्ये राष्ट्राध्यक्ष कार्टर यांना आणीबाणी जाहीर करावी लागली आणि शेकडो कुटुंबं हलवावी लागली. त्यानंतर १९८०चा ‘सुपरफंड’ कायदा आला. विष कुणीही सांडलेलं असो, सफाईची जबाबदारी आजच्या मालकावरही येऊ शकते, असं त्याने ठरवलं. ‘मला माहीत नव्हतं’ हा बचाव १९८६च्या दुरुस्तीने मिळाला, पण खरेदीपूर्वी योग्य ती सर्व चौकशी केलेल्यालाच. म्हणजे अज्ञानाची सबब हवी असेल तर आधी विचारून पाहिल्याचा पुरावा द्या. आपल्याकडे उलट आहे. जो विचारत नाही तो निर्दोष, आणि विचारणारा फुकट अडकतो. आपण शहाणे आहात, म्हणून विचारलं नाहीत.

आपल्या अभियंत्यांचे आक्षेपही ऐकून आहे. जागेवर गवत माजलंय, म्हणजे माती ठीक आहे, हा पहिला. शिसं हे मूलद्रव्य. ते कुजत नाही की उन्हापावसाने विरत नाही. गवत त्याच्यावरही उगवतं, आणि रांगणाऱ्या मुलाचा हात मातीतून थेट तोंडात जातो. आपल्या माहितीपत्रकातलं ‘किड्स प्ले एरिया’चं पान म्हणूनच मी दोनदा पाहिलं. दुसरा आक्षेप असा, की पार्किंगच्या तळघरासाठी माती निघणारच आहे. निघेल, आणि डंपरने कुठल्या तरी भरावात जाईल. आपला प्रश्न सुटेल आणि दुसऱ्याच्या अंगणात सुरू होईल. शिवाय भूजलात उतरलेलं विष डंपरमध्ये भरता येत नाही.

तिसरा आक्षेप : तपासायचीच तर कृषी प्रयोगशाळेत तपासू. ही युक्ती मला फार आवडली. मृद आरोग्य पत्रिकेत सामू, सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश, जस्त, लोह वगैरे १२ घटक असतात; शिसं आणि पारा त्यांत नाहीत. नमुना घेण्याची रीतही सोयीची. शेतात नागमोडी फिरून ठिकठिकाणची माती घमेल्यात कालवायची, ढिगाचे चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकून द्यायचे, असं करत अर्धा किलो उरवायचा. खताची मात्रा ठरवायला सरासरी हवी असते, तेव्हा शेतकऱ्याचं बरोबरच आहे. पण कारखान्यात विष सरासरीने सांडत नाही. ते टाकीच्या व्हॉल्व्हखाली, पिंपं धुण्याच्या ओट्याशी, सांडपाण्याच्या गटाराच्या तोंडाशी मुरतं. म्हणून आधी जुने नकाशे पाहून अशा जागा हेराव्या लागतात, तिथली वेगवेगळ्या खोलीवरची माती न मिसळता घ्यावी लागते, आणि उडून जाणारी सॉल्व्हंट धरायची तर नमुना हवाबंद करून बर्फात न्यावा लागतो. तेव्हा घमेलंच बरं. अहवाल नक्की स्वच्छ येईल.

राहिला खर्च. संकुलाच्या एकूण हिशेबात तो नजरेतही भरणार नाही, हे आपले लेखापालही मान्य करतील. खरी भीती तपासणीच्या बिलाची नसून उत्तराची आहे, आणि ती मी समजू शकतो. म्हणून तपासा, असा आग्रह धरत नाही. फक्त करारनाम्यात एक कलम घाला : ‘या जागेच्या मातीची रासायनिक तपासणी केलेली नाही; पुढे प्रदूषण आढळल्यास सफाईचा आणि पुनर्वसनाचा सर्व खर्च विकासक करील.’ माती स्वच्छ असल्याची आपल्याला खात्रीच आहे, तेव्हा सही करायला आपलं काही जात नाही. आपले वकील काय सल्ला देतात, तेवढं कळवा. त्यांनी हात आखडला, तर तोच माझ्यासाठी मातीचा अहवाल.

आपला,
बुकिंगची रक्कम हाती धरून थांबलेला एक ग्राहक